पावसानंतर गाडीतील नकाशा आणि ध्वनियंत्रणा एकदम बंद: दोष कुठे शोधावा?

कर्दळीवन | 14 जुलै 2025, रात्री 9.15

नमस्कार मंडळी,

कोथरूडमधील आमच्या सोसायटीत छपराखालची जागा वाट्याला न आल्यामुळे माझी 2009 सालची जर्मन बनावटीची सेडान बारा महिने गुलमोहराखाली उघड्यावर उभी असते. 2022 मध्ये ती मी पहिल्या मालकाकडून विकत घेतली आणि किरकोळ डागडुजी सोडल्यास तिने आजवर त्रास दिलेला नाही. मागच्या आठवड्यात पावसामुळे ती चार दिवस जागेवरून हलली नव्हती. पाचव्या दिवशी किल्ली फिरवली, तर बॅटरी पूर्ण उतरलेली. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर लावून इंजिन सुरू केले, परंतु मधला पडदा उजळून चिन्ह दाखवतो, साधारण अर्ध्या मिनिटाने काळा पडतो आणि पुन्हा चिन्ह दाखवतो. रेडिओ, सीडी, ब्लूटूथवरील फोन आणि नकाशा यांपैकी काहीच चालत नाही. इंजिन, एसी, दिवे आणि काचा मात्र पूर्ववत आहेत.

सेवाकेंद्रात गाडीला संगणक जोडून पाहिल्यावर 'मुख्य युनिट गेले आहे' असे सांगण्यात आले आणि 2 लाख 85 हजार रुपयांचा अंदाज हातात ठेवण्यात आला. कोणते दोषसंकेत आढळले याचा कागद मागितला, तो मिळाला नाही. गाडी विकायला काढली तरी जेमतेम साडेचार लाख येतील. गाडीच्या कंपनीचे आणि केंद्राचे नाव मुद्दाम लिहीत नाही. मला तक्रार मांडायची नसून दोष शोधायचा आहे. मी व्यवसायाने लेखापाल आहे, तरी मल्टिमीटर वापरता येतो. सुरुवात कुठून करावी?

दख्खनी | 14 जुलै 2025, रात्री 10.40

नाशिकला माझे ऑटो इलेक्ट्रिकचे काम आहे, त्या अनुभवावर लिहितो. आधी बॅटरी. ती अशक्त असताना या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक्स काय सांगते त्यावर विश्वास ठेवू नये. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी मोजल्यास 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 च्या दरम्यान आकडा आला, तर अल्टरनेटर ठीक समजावा. त्यानंतर ध्वनियंत्रणेचे सगळे फ्यूज तपासा, पण नुसते डोळ्यांनी पाहू नका. फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक उघडे बिंदू असतात. मीटरचे काळे टोक गाडीच्या धातूला लावून लाल टोक आधी एका आणि मग दुसऱ्या बिंदूवर टेकवा आणि दोन्हींवर 12 व्होल्ट मिळतात का ते पाहा. वरून अखंड दिसणारा आणि आतून केसाएवढा तडकलेला फ्यूज मी अनेकदा काढला आहे.

बॅटरीची तार काढल्यावर काही गाड्या काचांची टोके आणि स्टीअरिंगचा सरळ कोन विसरतात, म्हणून तार काढण्यापूर्वी ही शिकवणी पुन्हा कशी द्यायची हे गाडीच्या पुस्तिकेत वाचून ठेवा, म्हणजे नंतर घाबरायला होणार नाही.

कर्दळीवन | 17 जुलै 2025, सकाळी 8.05

दख्खनी यांच्या सांगण्याप्रमाणे सर्व मोजमापे केली. सकाळी बॅटरी 12.1 होती आणि इंजिन चालू असताना 13.9. चार्जरवर रात्रभर ठेवल्यावर ती 12.6 वर आली. संबंधित तिन्ही फ्यूज शाबूत आहेत आणि मुख्य युनिटच्या मागच्या जोडणीपर्यंत वीजही नीट पोहोचते. पडद्याचे वागणे मात्र तसूभरही बदललेले नाही. त्यातून काळजीची गोष्ट अशी, की पूर्ण भरलेली बॅटरी एक दिवस आणि एक रात्र नुसती उभी राहून 11.8 वर उतरली. बॅटरी अवघी दीड वर्षाची आहे.

जुनी_तार | 17 जुलै 2025, दुपारी 4.30

सेवानिवृत्तीपूर्वी माझी तीस वर्षे दूरसंचार खात्यात प्रकाशतंतूंची जोडणी करण्यात गेली, त्यामुळे हा धागा वाचून राहवले नाही. कर्दळीवन यांच्या पहिल्या नोंदीतील एक ओळ पुन्हा वाचावी: रेडिओ, सीडी, फोन आणि नकाशा हे चारही एकाच वेळी गेले. ही चार उपकरणे त्या काळच्या बहुतेक जर्मन गाड्यांमध्ये चार वेगळ्या डब्यांत असतात आणि चारही डबे एकाच रात्री मरण्याचा संभव फार कमी. मग त्या चौघांना जोडणारे असे काय आहे, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

या गाड्यांत 'मोस्ट' नावाची जोडणी असते. 2001 च्या बीएमडब्ल्यू 7 सिरीजपासून ती उत्पादनातील गाड्यांत आली आणि पुढे इतर कंपन्यांनीही स्वीकारली. तिच्यात तांब्याच्या तारेऐवजी प्लॅस्टिकचा प्रकाशतंतू वापरतात आणि सर्व उपकरणे गोल साखळीत एकामागून एक गुंफलेली असतात. मुख्य युनिट प्रकाश सोडते. पुढचे उपकरण तो घेऊन वाचते आणि नव्याने पुढे पाठवते. असे करत शेवटी तो मुख्य युनिटकडे परत येतो. जेवणाच्या पंगतीत पत्रावळी हातोहात पुढे सरकवतात तसे समजा. मधल्या एकाने हात आखडला, तर त्याच्या पुढचे सगळे ताटकळतात, आणि आपण धाडलेला प्रकाश परतला नाही हे पाहून मुख्य युनिट सारी साखळी पुन:पुन्हा सुरू करून पाहते. आपल्या पडद्यावरचे चिन्ह त्यामुळेच दर अर्ध्या मिनिटाने येत असावे. शिवाय ही धडपड किल्ली काढल्यावरही थांबत नसेल, तर बॅटरी का उतरते याचाही उलगडा होतो.

साखळी तुटल्यास दोषसंकेतांत तसे स्पष्ट येते. तो कागद आपल्याला का मिळाला नाही, यावर मी काही लिहीत नाही.

एक दिलासा देतो. आम्ही ज्या काचतंतूंवर काम करत असू त्यांचा गाभा 9 मायक्रॉनचा असे आणि त्यातील 1310 किंवा 1550 नॅनोमीटरचा लेझर डोळ्यांना दिसत नसल्यामुळेच अधिक घातक असे. गाडीतील तंतू चांगला 1 मिलिमीटर जाड असतो आणि त्यातील प्रकाश एलईडीचा, 650 नॅनोमीटरचा, म्हणजे साधा लाल असतो. साखळी कुठवर जिवंत आहे हे त्यामुळे नुसत्या नजरेने पाहता येते.

उंबरठा | 17 जुलै 2025, रात्री 9.00

विषय थोडा वेगळा आहे, तरी येथेच विचारतो. माझ्या 2016 च्या हॅचबॅकमध्ये बाहेरून बसवलेले अँड्रॉइड युनिट आहे. आवाज उत्तम येतो, पण महिनाभरापासून नकाशात गाडीचे स्थान मिळत नाही. उपग्रहांची संख्या शून्य किंवा एकच दिसते. युनिट बदलावे का?

दख्खनी | 17 जुलै 2025, रात्री 9.50

उंबरठा, महिनाभरापूर्वी गाडीत नवीन काय लावले ते आधी आठवा. उपग्रहाकडून येणारी लहर 1575.42 मेगाहर्ट्झची आणि अतिशय क्षीण असते. स्वस्तातला डॅशकॅम किंवा सिगारेट लायटरमध्ये खोचलेला चार्जर तिला सहज बुजवून टाकतो. दोन्ही उपसून मोकळ्या मैदानात पंधरा मिनिटे थांबून पाहा. फरक पडला नाही, तर अँटेनाची तार युनिटच्या मागून काढून युनिटच्या त्या तोंडाशी मोजा. तिथे 3 ते 5 व्होल्ट मिळायला हवेत, कारण हा अँटेना त्या विजेवर चालतो.

इसारकाठ | 18 जुलै 2025, पहाटे 2.20

म्युनिकमध्ये राहतो. माझ्या जुन्या गाडीत चार वर्षांपूर्वी हुबेहूब हाच प्रकार झाला होता. जुनी_तार यांनी निदान योग्य दिशेला नेले आहे, त्यात कृतीची भर घालतो.

साखळीतील एखादे उपकरण वगळून बाकीची चालवता येतात. त्यासाठी 'लूप' म्हणून ओळखली जाणारी, तंतूचा वळवलेला तुकडा असलेली छोटी टोपी मिळते आणि तिची किंमत काही शे रुपयांच्या पलीकडे जात नाही. संशयित उपकरणाची प्रकाशजोडणी काढून तिच्या तोंडावर ही टोपी बसवली, की प्रकाश त्या उपकरणात न जाता तिथल्या तिथे वळून पुढे जातो. टोपी बसवताच पडदा स्थिरावला, तर दोषी सापडला. मात्र वगळलेले उपकरण जे काम करत होते ते काम होणार नाही, हे ध्यानात असू द्यावे. अ‍ॅम्प्लिफायर वगळल्यास नकाशा दिसेल, पण आवाज येणार नाही. त्यामुळे प्रयोग फसला असे समजून पुढे जाऊ नये. माझ्याकडून ही चूक झाली होती आणि एक रविवार वाया गेला होता.

आपल्या नेमक्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा मिळवून साखळीतील क्रम कागदावर मांडून घ्यावा, कारण तो गाडीत असलेल्या जादा सोयींप्रमाणे बदलतो. तंतूच्या टोकाला बोट लावू नये, त्यावर फुंकर घालू नये आणि त्याला 25 मिलिमीटरहून कमी त्रिज्येचे वळण देऊ नये. एकदा घडी पडली, की तंतू वरून धड दिसला तरी प्रकाश त्या जागी गळत राहतो.

कर्दळीवन | 20 जुलै 2025, सायंकाळी 6.45

आज रविवारचा पूर्ण दिवस यात गेला, आणि तो सत्कारणी लागला असे म्हणायला हरकत नाही.

माझ्या गाडीतील क्रम असा निघाला: मुख्य युनिट, फोनचे युनिट, रेडिओ ट्यूनर, अ‍ॅम्प्लिफायर, नकाशाचा संगणक आणि पुन्हा मुख्य युनिट. यातील फोनचे युनिट पुढच्या आसनाखाली आहे आणि बाकीची तीन उपकरणे डिकीत आहेत. किल्ली पहिल्या खुणेवर ठेवून आधी फोनच्या युनिटची नारिंगी तार काढली, तर तिच्या टोकाशी देवघरातल्या लाल दिव्यासारखा लख्ख ठिपका दिसला. जोडणीवर आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या प्रकाशाचे बाण कोरलेले असल्यामुळे गोंधळ झाला नाही. ट्यूनरकडे येणारा प्रकाशही तसाच लख्ख होता. तार पुन्हा बसवून ट्यूनरच्या पुढची जोडणी पाहण्यासाठी डिकीच्या डाव्या बाजूचे आच्छादन काढले आणि हात आत घातला, तो थेट पाण्यात.

चाकाच्या कमानीमागच्या खोलगट जागेत सुमारे दोन लिटर पाणी साचले होते आणि अ‍ॅम्प्लिफायरचा खालचा तिसरा हिस्सा त्यात बुडालेला होता. वरून डिकीचा गालिचा खडखडीत कोरडा असल्यामुळे शंकाही आली नव्हती; सेवाकेंद्रातील कोणी हे आच्छादन उघडलेच नसावे. अ‍ॅम्प्लिफायरकडे येणारा प्रकाश दिसत होता आणि त्याच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाशी पूर्ण अंधार होता. इसारकाठ यांनी सांगितलेली टोपी पुण्यात तपकीर गल्लीत मिळाली नाही, म्हणून ऑनलाइन मागवली होती, ती काल आली होती. ती बसवली, किल्ली फिरवली आणि सहा-सात सेकंदांत पडद्यावर पूर्ण यादी उमटली! फोन जोडला गेला, रेडिओच्या केंद्रांची नावे दिसू लागली आणि नकाशाही उघडला. आवाज अर्थातच नव्हता, पण त्या शांततेचे इतके समाधान वाटेल असे कधी वाटले नव्हते.

म्हणजे 2 लाख 85 हजारांचे जे मुख्य युनिट बदलायला सांगितले होते ते निर्दोष आहे. पुढचे प्रश्न दोन आहेत: पाणी कुठून आले, आणि अ‍ॅम्प्लिफायरचे काय करावे? मुंबईतील एका मित्राच्या मते कुर्ल्याच्या बाजारात जुना अ‍ॅम्प्लिफायर मिळू शकेल.

दख्खनी | 20 जुलै 2025, रात्री 8.10

आपल्या गाडीला सनरूफ आहे का? असल्यास त्याच्या चौकटीच्या चारही कोपऱ्यांतून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असतात. सनरूफ मुळात पूर्ण जलरोधक नसतेच. आत आलेले पाणी या नळ्यांनी बाहेर जावे अशीच तिची रचना असते. मागच्या दोन नळ्या डिकीच्या बाजूने खाली उतरून बंपरमागे उघडतात. गुलमोहराची बारीक पाने आणि पाकळ्या त्यांत बसून त्यांचा चिखल होतो. कोपऱ्यात कपभर पाणी हळूहळू ओता आणि ते चाकामागून जमिनीवर टपकते का ते पाहा.

नळी तुंबली असल्यास कॉम्प्रेसरची हवा मारू नका. जोराने नळी आतल्या आत सांध्यातून निसटते आणि मग छताचे सगळे अस्तर उतरवावे लागते. गवत कापण्याच्या यंत्रात वापरतात ती जाड नायलॉनची दोरी हलक्या हाताने आत सरकवणे उत्तम. मागच्या दिव्यांचे रबरही पाहून घ्या. सांध्यावर आतून टाल्कम पावडर भुरभुरवून बाहेरून पाणी सोडले, की ओघळ कुठून येतो ते पांढऱ्यावर लगेच उमटते.

इसारकाठ | 21 जुलै 2025, पहाटे 1.05

जुना अ‍ॅम्प्लिफायर घाईने घेऊ नये. काही कंपन्यांच्या गाड्यांत असा भाग त्या विशिष्ट गाडीच्या क्रमांकाशी बांधलेला असतो आणि दुसऱ्या गाडीत बसवल्यावर अधिकृत केंद्राकडून कंपनीच्या सर्व्हरमार्फत त्याची सुटका करून घ्यावी लागते. ज्या केंद्राने आपल्याला कागदही दिला नाही, त्याच्याच दारात पुन्हा उभे राहण्यापेक्षा आहे तोच अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त होतो का हे आधी पाहावे.

जुनी_तार | 21 जुलै 2025, सकाळी 10.20

यास पूर्ण सहमती. आणि दुरुस्तीला देईपर्यंत तो सुकला की नाही हे पाहण्यासाठी पुन्हा वीज देण्याचा मोह टाळावा. आतल्या सर्किटच्या ओल्या पट्टीला नुसत्या पाण्याने जेवढी इजा होत नाही तेवढी पाणी आणि वीज एकत्र आल्याने होते. तांबे खाल्ले जाते.

कर्दळीवन | 26 जुलै 2025, रात्री 10.00

मागची डावी नळी पूर्ण तुंबलेली निघाली. नायलॉनच्या दोरीने तिच्यातून जो काळा लगदा बाहेर आला, त्यात गुलमोहराची पाने ओळखू येत होती. दिव्यांचे रबर ठीक आहे.

अ‍ॅम्प्लिफायर बुधवार पेठेतील सर्किट दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरांकडे दिला. मोबाइलच्या पट्ट्या दुरुस्त करण्यात त्यांचा हात बसलेला आहे, गाडीचे काम ते एरवी घेत नाहीत. आतील पट्टीवर हिरवट थर चढला होता. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन काढल्यावर व्होल्टेज नियंत्रित करणाऱ्या भागाजवळचे दोन मार्ग कुरतडलेले दिसले. त्यांनी ते बारीक तारेने जोडले आणि तो भागही बदलला. एकूण 6,500 रुपये घेतले. आज अ‍ॅम्प्लिफायर जागेवर बसवला, टोपी काढली आणि आवाज परत आला.

मात्र एक नवीन कोडे पडले आहे. या कामासाठी बॅटरी काढली होती, ती पुन्हा जोडल्यावर पडद्यावर आजची तारीख 10 डिसेंबर 2005 अशी येते. वार शनिवार दाखवला आहे, तो बरोबर आहे. वेळही बरोबर आहे. अ‍ॅम्प्लिफायरमुळे असे होऊ शकते का?

रातराणी | 26 जुलै 2025, रात्री 11.35

अ‍ॅम्प्लिफायरचा याच्याशी काहीही संबंध नाही आणि वार बरोबर असणे हाच त्याचा पुरावा आहे. मी अशाच उपकरणांची आज्ञावली लिहिते, म्हणून थोडे विस्ताराने सांगते.

जीपीएसचे उपग्रह तारीख पाठवत नाहीत. 6 जानेवारी 1980 पासून कितवा आठवडा चालू आहे आणि त्या आठवड्याचे किती सेकंद उलटले, एवढेच ते सांगतात. जुन्या संदेशरचनेत आठवड्याच्या आकड्यासाठी 10 बिटांचीच जागा ठेवलेली असल्यामुळे 0 ते 1023 एवढीच मोजणी होते आणि पुढे आकडा पुन्हा शून्यावर येतो. असे ऑगस्ट 1999 मध्ये झाले, 6 एप्रिल 2019 च्या मध्यरात्री झाले आणि पुढे नोव्हेंबर 2038 मध्ये होईल. आपण कितव्या फेरीत आहोत हे संदेश घेणाऱ्या यंत्राला स्वतः ठरवावे लागते, आणि आपले 2009 चे यंत्र अजून मधल्या फेरीतच आहे. 26 जुलै 2025 मधून 1024 आठवडे, म्हणजे 7168 दिवस वजा करून पाहा; बरोबर 10 डिसेंबर 2005 येतो. वजा झाले ते पूर्ण आठवडे, म्हणून वार जसाच्या तसा राहिला. आधीच्या मालकाने तारीख हाताने लावून ठेवली असावी आणि बॅटरी काढल्यावर ती पुसली गेली. यंत्रणेत उपग्रहाकडून तारीख घेण्याचा पर्याय बंद करून ती हाताने लावा. गाडीचे स्थान आठवड्यातील सेकंदांवरून काढले जात असल्यामुळे नकाशावर याचा परिणाम होऊ नये.

बाहेरून आलेल्या माहितीवर यंत्राने आंधळा विश्वास ठेवला की काय होते, याचे माझे आवडते उदाहरण वेगळेच आहे. 2022 च्या सुरुवातीला अमेरिकेतील सिअ‍ॅटल परिसरात माझ्दाच्या 2014 ते 2017 या काळातील काही गाड्यांचे रेडिओ 94.9 या एकाच केंद्रावर अडकले आणि पडदे सतत पुन्हा सुरू होऊ लागले. त्या केंद्राने डिजिटल प्रक्षेपणासोबत पाठवलेल्या चित्रांच्या नावांपुढे फाइलचा प्रकार लिहिलेला नव्हता, एवढेच कारण होते.

उंबरठा | 27 जुलै 2025, सकाळी 9.15

चार्जर उपसला आणि दहा मिनिटांत नऊ उपग्रह आले. दख्खनी, आपले आभार.

कर्दळीवन | 10 ऑगस्ट 2025, दुपारी 12.30

पंधरा दिवस थांबून मुद्दाम उशिरा लिहितो आहे. तारीख हाताने लावली, ती टिकली आहे. किल्ली काढून, गाडी कुलूपबंद करून चाळीस मिनिटांनी बॅटरीच्या ऋण तारेत मीटर लावला, तेव्हा विद्युतप्रवाह 28 मिलिअँपिअर भरला. साखळी तुटलेली असताना हाच आकडा 1.4 अँपिअर होता, तो मी टोपी बसवण्यापूर्वी मोजून ठेवला होता. माझी बॅटरी 80 अँपिअर-तासांची आहे. त्या हिशेबाने ती अडीच दिवसांत रिकामी होणारच होती.

काल मुंबईला जाताना द्रुतगती मार्गावरील भातणच्या बोगद्यात नकाशावर लक्ष ठेवायला मुलीला सांगितले होते. उपग्रह दिसेनासे झाल्यावरही बाण चाकांच्या फेऱ्या मोजत पुढे सरकत राहिला आणि बोगद्याबाहेर आल्यावर जेमतेम एका गाडीच्या लांबीने चुकला. नकाशा स्वतः मात्र इतका जुना आहे, की नव्या रस्त्यांवर तो आम्हाला शेतातून नेतो, त्यामुळे वाट विचारायची ती फोनलाच.

अ‍ॅम्प्लिफायर आता दोन रबरी ठोकळ्यांवर चार सेंटिमीटर उचलून बसवला आहे आणि त्याखाली वर्तमानपत्राची घडी ठेवली आहे. परवाच्या मोठ्या पावसानंतर ती कोरडी होती. एकच गोष्ट उरली आहे: मागच्या डाव्या दरवाजाचा स्पीकर आवाज वाढवला की खरखरतो. हा अ‍ॅम्प्लिफायरचा उरलेला दोष समजावा की स्पीकरचा?

दख्खनी | 10 ऑगस्ट 2025, दुपारी 2.05

दरवाजाचे अस्तर काढून त्या स्पीकरच्या दोन्ही तारा सोडवा आणि दीड व्होल्टच्या साध्या सेलची टोके क्षणभर टेकवा. स्वच्छ 'टक' असा आवाज येऊन स्पीकरचा कागदी पडदा मोकळेपणाने हलला, तर स्पीकर चांगला आहे. खरखर तिथेही ऐकू आली किंवा पडदा बोटाने हळूच दाबल्यावर आत घासल्यासारखे लागले, तर स्पीकर बदला. अस्तर काढलेच आहे तर दरवाजाच्या खालच्या कडेची भोकेही मोकळी करून घ्या, तिथेही गुलमोहर असणार.